उत्तेजक ड्रग्ज आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या: 'अधूनमधून' घेणाऱ्यांसाठी

क्षकिरण

मागे व्यसनांवरच्या एका धाग्यात "कोकेनचा त्रास रोज घेणाऱ्यांना, अधूनमधून घेणाऱ्याला काही होत नाही" असं दोघा-तिघांनी ठासून लिहिलं होतं. तिथे उत्तर द्यायला बसलो तर प्रतिसाद मूळ लेखापेक्षा लांब व्हायला लागला, म्हणून हा वेगळा धागा. माझं काम मेंदूचे सीटी आणि एमआरआय वाचण्याचं. तेव्हा रक्तवाहिनीत काय घडतं यावर जास्त लिहीन. व्यसन कसं सोडवावं यावर बोलणारे माझ्याहून जाणते लोक इथे आहेत.

पक्षाघात दोन तऱ्हांचा असतो हे बहुतेकांना माहीत असेल. एकात मेंदूला रक्त नेणारी धमनी बंद पडते, दुसऱ्यात ती फुटते. एकूण रुग्णांमध्ये पहिली तऱ्हा कितीतरी जास्त. कोकेन, मेथ यांसारख्या उत्तेजकांचं वैशिष्ट्य असं की ती दोन्ही घडवू शकतात, आणि तेही अशा वयात की घरचे काय, कधीकधी डॉक्टरही आधी अर्धशिशी, अ‍ॅसिडिटी, जागरण असलंच काहीतरी धरून चालतात.

आता आतली गोष्ट. आपल्या चेतातंतूंच्या टोकांतून निरोप पोचवणारं रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं, काम करतं आणि पुन्हा आत ओढून घेतलं जातं. कोकेन हे आत ओढणं अडवतं. अ‍ॅम्फेटामिन आणि मेथअ‍ॅम्फेटामिन त्याच्या पुढे जातात: टोकाच्या आत शिरून तिथला साठाच बाहेर ढकलतात. परिणाम एकच. नॉरअ‍ॅड्रेनलिन जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ बाहेर रेंगाळतं, काही मिनिटांत नाडी आणि रक्तदाब चढतो, धमन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळले जातात. डोपामिनच्या बाबतीतही नेमकं हेच होतं आणि त्यातून ती तरतरी, ती धुंदी येते. म्हणजे नशा हवी आणि रक्तदाब नको अशी निवड या पदार्थांत नसतेच.

धमनी आवळणं हा या पदार्थांचा नंतर सापडलेला दुष्परिणाम वगैरे नाही. ते त्यांचं जुनं, गाजलेलं काम आहे. १८८४ साली कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत भूल म्हणून कोकेन वापरलं. पुढे नाक-घसा तज्ज्ञांना ते आवडलं, कारण बधिरता तर येतेच, वर नाकातलं अस्तर आक्रसून पांढुरकं पडतं आणि रक्तस्राव कमी होतो. १९३० च्या दशकात अ‍ॅम्फेटामिन चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी बेन्झेड्रिन इन्हेलरमधून विकलं जायचं, तेही याच गुणामुळे. नाकात हवाहवासा वाटणारा तो गुण मेंदूतल्या धमनीत नकोसा होतो, एवढाच फरक.

मेंदूत हे प्रत्यक्ष दिसतं का? दिसतं. १९९८ साली अमेरिकेत २४ निरोगी पुरुषांवर एक प्रयोग झाला. सरासरी वय २९. रोजचे घेणारे नव्हते, आयुष्यात मोजक्या वेळा कोकेन घेतलेले स्वयंसेवक. कोणाला ०.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो, कोणाला ०.२, कोणाला नुसतं सलाइन. आधी आणि वीसेक मिनिटांनी एमआर अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचं चित्र दाखवणारा एमआरआय. सलाइनवाल्या ७ पैकी एकाच्या धमन्या आक्रसलेल्या दिसल्या, कमी डोसच्या ९ पैकी ३ जणांच्या, जास्त डोसच्या ८ पैकी ५ जणांच्या. प्रयोगशाळेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शुद्ध औषध, बेताचा डोस, आणि तरी हे.

असा आकुंचनाचा प्रकार जोरात झाला की अँजिओग्राफीत धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. एक जागा बारीक, पुढची फुगीर, पुन्हा बारीक. पूर्वी हे चित्र दिसलं की सर्रास 'धमनीदाह' असा शिक्का बसायचा. आता कळतं की बऱ्याचदा तो आकडी आल्यासारखा तात्पुरता आवळलेपणा असतो आणि तीनेक महिन्यांत धमन्या मूळपदावर येतात. खरा दाहही होतो, १९७० सालीच ड्रग्ज घेणाऱ्या १४ रुग्णांमध्ये त्याचं वर्णन आलेलं आहे, पण तो विरळा.

बंद पडण्याची वाट नुसत्या आवळण्यातून जात नाही. कोकेनमुळे रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना लवकर चिकटतात. धमनीचं आतलं अस्तर एन्डोथेलिन नावाचं आणखी आवळणारं द्रव्य जास्त सोडतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यात धमन्यांत चरबीचे थर वयाच्या आधी साचतात. शिवाय हृदय आहेच: ठोके अनियमित झाले किंवा स्नायू कमकुवत झाला की हृदयात गुठळी धरते आणि सुटून मेंदूत जाते. सुईने घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपांवर जंतुसंसर्ग होतो, तिथले तुकडेही असेच वर जातात.

फुटण्याची वाट सरळ आहे. मेंदूच्या धमन्या आपला रक्तप्रवाह स्वतः सांभाळतात. सरासरी दाब साधारण ६० ते १५० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान कुठेही असला तरी प्रवाह जवळपास सारखाच राहतो. दाब झटक्यात या वरच्या टोकापलीकडे गेला की खोलवरच्या बारीक धमन्यांना तो पेलवत नाही. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने ज्या जागी रक्तस्राव होतो, त्याच जागी इथेही होतो: बेसल गँग्लिया, थॅलॅमस, मेंदूचा देठ. सीटीवर पांढराशुभ्र डाग दिसतो आणि रुग्णाचं वय ३२. फरक असा की इथे कित्येकदा त्याआधी रक्तदाबाचा इतिहासच नसतो. कोणाच्या धमनीवर जन्मापासूनचा कच्चेपणा किंवा नकळत वाढलेला छोटा फुगा असेल, तर तो फुटायला असा एक चढाव पुरतो. मेथअ‍ॅम्फेटामिन यात जास्त वाईट, कारण कोकेनचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ) साधारण तासाभराचं, तर मेथचं दहा-बारा तासांचं. दाब चढलेला राहतो तो राहतोच. मेथमुळे शरीराचं तापमानही वाढतं आणि रक्त व मेंदू यांच्यामधली जी गाळणी आहे तिचे सांधे सैल पडतात. २०१७ सालच्या एका आढाव्यात मेथ घेणाऱ्या तरुणांचे जे पक्षाघात वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले होते ते एकत्र केले: ८१ रक्तस्रावाचे, १७ धमनी बंद पडल्याचे. एरवीच्या प्रमाणाच्या बरोबर उलट.

आता तो मूळ मुद्दा, अधूनमधूनवाल्यांचा. बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरातला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. १५ ते ४९ वयाचे, धमनी बंद पडून पक्षाघात झालेले १०९० रुग्ण आणि तुलनेला पक्षाघात न झालेले ११५४ जण. "कधीतरी कोकेन घेतलं होतं" याचा पक्षाघाताशी ठळक संबंध निघाला नाही. पण गेल्या २४ तासांत घेतलं असेल तर शक्यता सहापटीहून जास्त. धूम्रपानाचा हिशेब वजा केल्यावरही ५.७ पट.

म्हणजे तुम्ही वर्षात किती वेळा घेता हा प्रश्न आहेच, पण धमनीच्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न शेवटचं कधी घेतलं हा आहे. महिन्यातून एकदा घेणाऱ्याचे ते २४ तास आणि रोज घेणाऱ्याचे २४ तास यांत धमनी फारसा भेदभाव करत नाही.

उंटावरचा_शहाणा

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

चौकटराजा_९

उत्तम लेख. फक्त एक शंका, वाकडा प्रश्न समजू नका. सहापट म्हणजे कशाच्या सहापट? तरुणांत मुळात पक्षाघात दुर्मीळ. दुर्मीळ गोष्टीची सहापट ही पण दुर्मीळच की. वर्तमानपत्रांत "अमुक खाल्ल्याने कर्करोगाचा धोका दुप्पट" छाप बातम्या येतात, तसं होऊ नये एवढंच.

क्षकिरण

@चौकटराजा, रास्त प्रश्न. युरोपातल्या अभ्यासांत पन्नाशीच्या आतल्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण वर्षाला लाखात साधारण १० ते १५ असं येतं. तेव्हा एका माणसाच्या एका रात्रीचा हिशेब मांडला तर आकडा लहानच राहील, हे कबूल. "एकदा घेतलंस की मेलास" असं मी कुणाला सांगणार नाही, आणि सांगितलं तर ज्याने दहादा घेतलंय तो माझं पुढचंही काही ऐकणार नाही.

पण दोन गोष्टी धरा. एक, तो चढा धोका दर वेळी नव्याने सुरू होतो. दोन, कोकेनसोबत सिगारेट, दारू, जागरण, पाण्याची कमतरता हे त्याच रात्री एकत्र असतात. दारूबरोबर कोकेन घेतलं की यकृतात कोकाएथिलीन बनतं, ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त त्रासदायक असतं. अभ्यासात हे घटक वेगवेगळे करतात, शरीरात ते वेगवेगळे येत नाहीत.

आडवळण

म्हणजे थोडक्यात सरकारी जाहिरात. 'ड्रग्ज वाईट'. दारूने आणि साध्या उच्च रक्तदाबाने यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना पक्षाघात होतो, त्यावर धागे निघत नाहीत. निघाले तर चार प्रतिसादांत बुडतात.

पायवाट

@आडवळण, दारूवर तुम्ही काढा की धागा, आम्ही येतो प्रतिसाद द्यायला.

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. क्षकिरण यांनी लिहिलेलं पटलं, एक भर घालते. आमच्याकडे येणाऱ्यांना पक्षाघाताची भीती जवळजवळ नसते. हृदयविकाराची असते, पोलिसांची असते, घरी कळण्याची तर सगळ्यात जास्त. "डोकं फुटेल असं दुखलं होतं एकदा, मग झोपलो, सकाळी बरं वाटलं" हे वाक्य मात्र कितीतरी जणांकडून ऐकलंय, अगदी जाता जाता सांगितल्यासारखं. त्याला काही अर्थ असतो का, की ते नुसतं उतरताना होणारं डोकं दुखणं?

क्षकिरण

@पायवाट, असतो. उतरताना होणारी डोकेदुखी हळूहळू चढते, बोथट असते. काळजीची डोकेदुखी वेगळी: एका मिनिटाच्या आत शिगेला पोचते. लोक सांगताना "कुणीतरी मागून डोक्यात घातलं असं वाटून मी वळून पाहिलं" इथपर्यंत सांगतात. इंग्रजीत तिला थंडरक्लॅप म्हणतात. इथे तिची दोन कारणं मुख्य. एक म्हणजे फुगा फुटून मेंदूभोवती झालेला रक्तस्राव. दुसरं म्हणजे वर लिहिलेला, धमन्या मण्यांच्या माळेसारख्या तात्पुरत्या आवळण्याचा आजार, इंग्रजी आद्याक्षरांनी आरसीव्हीएस. त्यात ही डोकेदुखी एक-दोन आठवड्यांत पुन्हा पुन्हा येते, मधल्या काळात माणूस ठणठणीत. म्हणूनच "झोपलो, बरं वाटलं" यावर विसंबता येत नाही. बरेचसे बरे होतात हे खरं, पण काहींना याच दिवसांत पक्षाघात होतो.

फुग्यातून कधीकधी मोठ्या स्फोटाआधी थोडंसं रक्त झिरपतं. त्या डोकेदुखीला झोपून काढणं सगळ्यात महागात पडतं. तुमच्याकडच्या कुणी असं सांगितलं आणि ते गेल्या काही दिवसांतलं असेल, तर त्याच दिवशी त्यांना हॉस्पिटलात पाठवा.

रेघोट्या

माझ्या मावसभावाचं लिहू का नको, विचार करत होते. लिहिते. वय ३६. त्याला उजव्या हातात काहीतरी विचित्र वाटायला लागलं, पेला धरता येईना, मग शब्द सापडेनात. बरोबरच्या मित्रांना माहीत होतं त्याने काय घेतलंय, पण हॉस्पिटलात कुणी तोंड उघडलं नाही. तपासणीत लघवीच्या चाचणीत कळलं ते नंतर. तोवर डॉक्टर लहान वयात गुठळी का झाली याची कारणं शोधत होते, रक्ताच्या दहा तपासण्या चालू. आज तो चालतो, बोलतो, पण फोनवर बोलताना नेमका शब्द अडकतो आणि तो चिडतो. सहीसुद्धा बदलली आहे त्याची. मला विचारायचंय ते असं: मित्रांनी आधी सांगितलं असतं तर उपचार बदलले असते का? की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलंच नसतं? मित्रांना तीच भीती होती म्हणे.

क्षकिरण

@रेघोट्या, वाचून वाईट वाटलं. तो चालतो-बोलतो आहे हे ऐकून बरंही वाटलं. शब्द अडकण्यावर वाचा-उपचार चालू नसतील तर सुरू करायला हरकत नाही, काही वर्षांनीही फरक पडलेला पाहिला आहे.

प्रश्नाचं उत्तर: कोकेन घेतलं आहे एवढ्यावरून ते इंजेक्शन नाकारत नाहीत. आधी सीटी काढतात, रक्तस्राव नाही ना ते बघतात. नसेल आणि सुरुवात होऊन साडेचार तासांच्या आत असेल, बाकी काही अडथळा नसेल, तर देतात. कोकेननंतरच्या पक्षाघातात ते दिल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांत वेगळा मोठा धोका दिसलेला नाही. मोठी धमनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी ओढून काढतात. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत करता येतं, २०१८ साली त्यावर दोन महत्त्वाचे अभ्यास आले. तेव्हा सांगितल्यामुळे उपचार हातचे जातील ही भीती मनातून काढून टाकावी.

सांगितल्याने फायदा मात्र होतो. चढलेला रक्तदाब उतरवायला कुठलं औषध निवडायचं ते बदलू शकतं. कोकेननंतर बीटा ब्लॉकर (नाडी आणि रक्तदाब उतरवणारं औषध) द्यावं का यावर डॉक्टरांत अजून वाद आहे, त्यामुळे बरेच जण आधी रुग्णाला शांत करणारं औषध देतात. हृदयाची तपासणी लवकर होते. धमनी आवळलेली दिसली तर ती दाह समजून स्टेरॉइड सुरू होत नाहीत. आरसीव्हीएसमध्ये स्टेरॉइडने प्रकृती बिघडू शकते. आणि लघवीच्या चाचणीवर विसंबू नये: कोकेनचे अवशेष त्यात साधारण दोन-चार दिवस सापडतात, पण अ‍ॅम्फेटामिनची प्राथमिक चाचणी सर्दीच्या काही गोळ्यांनीही खोटी होकारार्थी येते. माणसाने तोंडाने सांगितलेलं त्याहून जास्त उपयोगी.

मिनिटं का मोजतात तेही लिहितो. मोठी धमनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

पायवाट

"मित्रांना तीच भीती होती" हे अगदी नेहमीचं. आम्ही आता मुलांना सांगतो की बाकी कुणाला नाही तरी अपघात विभागातल्या डॉक्टरच्या कानात सांगा: काय घेतलं, किती, किती वाजता. चौथं काही सांगू नका.

सातबारा

सर्दीच्या गोळीचा विषय निघालाच आहे तर... फेनिलप्रोपनोलअमिन आठवतंय का कुणाला? पूर्वी सर्दीच्या आणि भूक मारण्याच्या गोळ्यांत सर्रास असायचं. मी औषध कंपनीत होतो तेव्हा त्यावरून मोठा गदारोळ झालेला.

क्षकिरण

@सातबारा, बरी आठवण काढलीत. तेही त्याच कुळातलं, अ‍ॅम्फेटामिनचं सौम्य भावंड म्हणा. २००० साली येल विद्यापीठाच्या पुढाकारातला अभ्यास आला. मेंदूतल्या रक्तस्रावाचे १८ ते ४९ वयाचे ७०२ रुग्ण. भूक मारायला ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांत धोका १६ पट निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना ती बाजारातून काढायला सांगितलं.

चौकटराजा_९

त्या १६ पटीचं विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा तो पल्ला, आत्ता शोधून पाहिलं. १.५ ते १८२! म्हणजे गोळी घेणारे मोजकेच असणार. १६ हा आकडा छातीठोकपणे सांगण्यासारखा नाही.

क्षकिरण

बरोबर, रुग्णांत सहा जणी आणि तुलनेच्या गटात एक. म्हणून नेमका आकडा डळमळीत. पण खालचं टोकही एकाच्या वर आहे, म्हणजे धोका वाढलेलाच, दिशा अपेक्षित तीच आहे, आणि ते औषध जीव वाचवणारं नव्हतं. नाक मोकळं करायला आणि भूक मारायला दुसरे मार्ग असताना तेवढ्या पुराव्यावर ते काढणं मला योग्य वाटतं. जीवरक्षक औषध असतं तर मीही आणखी पुरावा मागितला असता.

त्याच्या जवळच्या स्यूडोएफेड्रिनची युरोपात २०२३ साली पुन्हा तपासणी झाली. गंभीर किंवा नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब, किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी ते घेऊ नये, असा निर्णय झाला. कारण हेच: आरसीव्हीएस आणि मेंदूला सूज येण्याचे विरळ प्रसंग. बाकीच्यांनी सर्दीत एखादी गोळी घेतली म्हणून घाबरायचं कारण नाही.

कातरवेळ

घाबरून विचारतेय. मला तिशीत एडीएचडीचं (लक्ष एकाग्र न होणं, अतिचंचलता) निदान झालं, त्यावर मिथाइलफेनिडेट चालू आहे. हेही उत्तेजकच ना? हा धागा वाचून आजची गोळी हातात घेऊन बसलेय.

क्षकिरण

@कातरवेळ, गोळी घ्या. डॉक्टरांनी दिलेला डोस, तोंडाने, हळू चढणारा, ही वेगळी गोष्ट आहे. २०११ साली दोन मोठे अभ्यास आले. एक १२ लाख मुलं आणि तरुणांचा, दुसरा २५ ते ६४ वयाच्या दीड लाख औषध घेणाऱ्यांचा. दोन्हींत हृदयविकाराचा झटका, अकस्मात मृत्यू, पक्षाघात यांत वाढ दिसली नाही. स्वीडनमधला एक नंतरचा अभ्यास आहे, त्यात अनेक वर्षं घेणाऱ्यांत उच्च रक्तदाब आणि धमन्यांचे आजार जास्त आढळले. म्हणून दर भेटीत रक्तदाब आणि नाडी मोजून घ्या, पूर्वीचा काही हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना सांगा. बस्स. न विचारता बंद करू नका.

धोका सुरू होतो तो दुसऱ्याची गोळी परीक्षेसाठी उसनी घेतली, भुकटी करून नाकात ओढली, तीन-चार एकदम घेतल्या तिथे. रेणू तोच, पण झटका वेगळा.

कातरवेळ

घेतली. धन्यवाद डॉक्टर.

उंटावरचा_शहाणा

रुमाल उचलायला आलो. सगळे प्रतिसाद वाचले. मला एक विसंगती वाटते. तुम्ही म्हणता "कधीतरी घेतलं होतं" याचा संबंध निघाला नाही, २४ तासांचाच निघाला. मग वर्षानुवर्षं घेतल्याने धमन्यांत थर साचतात, हे कशावरून? आणि त्या २४ जणांच्या प्रयोगात आधी जास्त वेळा घेतलेल्यांच्या धमन्या जास्त आवळल्या असं मी कुठेतरी वाचलंय. या तिन्हींची सांगड कशी घालायची?

क्षकिरण

@उंटावरचा, याच प्रश्नाची वाट बघत होतो. तुम्ही वाचलंय ते खरं आहे. त्या प्रयोगात ज्यांनी आयुष्यात जास्त वेळा घेतलं होतं त्यांच्यात आकुंचनाची शक्यता जास्त दिसली. धमनी सरावत नाही, उलट चिडखोर होते, असा त्याचा अर्थ लावतात.

"कधीतरी" या गटात कोण कोण येतं ते बघा. कॉलेजात एकदा घेऊन वीस वर्षांत ढुंकून न पाहिलेलाही त्यात, आणि दहा वर्षं दर आठवड्याला घेणाराही त्यात. पहिल्यासारखे लोक भरपूर असले की दुसऱ्यासारख्यांचा धोका सरासरीत विरघळतो. त्यामुळे त्या निष्कर्षाचा अर्थ "जुना वापर निरुपद्रवी" असा नाही. "पूर्वी घेतलं, आता सोडलं, अशांवर कायमचा शिक्का बसलेला दिसत नाही" एवढाच काढावा. थर साचल्याचा पुरावा शवविच्छेदनातून आणि हृदयाच्या धमन्यांच्या तपासणीतून आलेला आहे, तो पक्षाघाताच्या आकडेवारीतून आलेला नाही.

अभ्यासाअभ्यासांत आकडे बदलतात हेही धरून चला. १९९८ सालच्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात १५ ते ४४ वयाच्या स्त्रिया होत्या, तिथे कोकेनसाठी जवळपास १४ पट आणि अ‍ॅम्फेटामिनसाठी ४ पट आलं. २००७ सालच्या टेक्सासमधल्या हॉस्पिटल नोंदींत कोकेनचे दोन्ही तऱ्हांचे पक्षाघात साधारण दुप्पट, आणि अ‍ॅम्फेटामिनचा रक्तस्राव जवळपास पाचपट. नोंदींत फक्त निदानाचा संकेतांक असतो, शेवटचं कधी घेतलं ते नसतं. म्हणून तिथला आकडा बोथट होणारच.

आडवळण

ठीक आहे, 'सरकारी जाहिरात' मागे घेतो. पण मग चहा-कॉफीचं काय? तेही उत्तेजक. आमच्या हपिसात चार कपांशिवाय कुणी संगणक उघडत नाही.

क्षकिरण

@आडवळण, कॅफिनही मेंदूतल्या धमन्या थोड्या आवळतं, २५० मिलिग्रॅमला मेंदूचा रक्तप्रवाह चतुर्थांशाच्या आसपास कमी होतो. पण यंत्रणा निराळी आहे, ते मेंदूतल्या झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला अडवतं. बेताची कॉफी पिणाऱ्यांत पक्षाघात वाढलेला दिसत नाही. एमडीएमएवर (एक्स्टसी) कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो: तेही अ‍ॅम्फेटामिनच्याच घराण्यातलं, त्यानंतर फुगे फुटल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत. 'पार्टीतलं सौम्य' या नावावर जाऊ नका.

दोन_रेघांमधलं

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी घ्यायचो, सोडून सहा वर्षं झाली. विचारायचं एवढंच: एमआरआय काढला तर त्यात जुनं काही दिसेल का? काढून घ्यावा का?

क्षकिरण

@दोन_रेघांमधलं, सोडलंत ते उत्तम झालं.

कधीकधी दिसतं. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात बारीक ठिपके, किंवा विशिष्ट पद्धतीच्या एमआरआयमध्ये सूक्ष्म रक्तस्रावांच्या काळ्या खुणा. पण ते ठिपके उच्च रक्तदाबानेही होतात, अर्धशिशीनेही, वयानेही. चित्र बघून मी "हे कोकेनचं" असं सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. आणि सापडले तरी पुढे करायचं काय, तर रक्तदाब सांभाळा, सिगारेट सोडा. ते एमआरआयशिवायही करायचंच आहे. त्यामुळे काही लक्षण नसताना काढू नका. रक्तदाब मोजा, कोलेस्टेरॉल आणि साखर बघा. वर लिहिलेली अचानक शिगेला जाणारी डोकेदुखी पूर्वी कधी झाली असेल, किंवा घरात कुणाला मेंदूतला फुगा निघाला असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टला एकदा दाखवा. ते ठरवतील अँजिओग्राफीची गरज आहे का ते.